किस्से तेच, ऐकणारे संपले

पत्र

ताई, सा.न.वि.वि.

मी बार्शीचा. वय ३२. २०११ ते २०१४ पुण्यात बी.कॉम. केलं. वडील मार्केट यार्डात एका आडतीवर मुनीम होते. आमच्या घरातनं पुण्याला शिकायला गेलेला मी पहिलाच. पहिले काही महिने मी वर्गात तोंडच उघडलं नाही. ‘काय करायलास?’ असं एकदा बोलून गेलो तर बाकं हसली होती. मग पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेच्या टीममध्ये शिरलो आणि सगळं बदललं. तिन्ही वर्षं लाइट्स माझ्याकडे. पहिल्या वर्षी प्राथमिक फेरीतच गेलो, दुसऱ्या वर्षी फायनलला आलो, तिसऱ्या वर्षी पुन्हा प्राथमिक. करंडक काही मिळाला नाही, पण ते दिवस! लेक्चर संपली की रात्री अकरापर्यंत तालीम. तोवर मेस बंद झालेली असायची, मग टिळक रस्त्यावर गाडीवरची भुर्जी.

फायनलच्या प्रयोगात शेवटच्या प्रवेशाला आमची हिरॉइन वाक्य विसरली. क्यू-शीटप्रमाणे, म्हणजे कधी कुठला दिवा हे लिहिलेल्या कागदाप्रमाणे, मला निळा प्रकाश फेड, म्हणजे हळूहळू मंद, करायचा होता. मी केला नाही. डिमरवर बोट ठेवून तिच्या तोंडाकडे बघत बसलो. तिला वाक्य सापडलं, ती बोलली, मग मी सावकाश काळोख केला. लोकांना वाटलं तो पॉज बसवलेलाच होता. तिला मी हे कधी सांगितलं नाही.

पास झाल्यावर वर्षभर पुण्यातच एका प्रकाशयोजनाकाराच्या हाताखाली होतो. २०१५ च्या दिवाळीत वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, परत आलो. बँकेची परीक्षा दिली, क्लार्क झालो. आता तालुक्यातच एका शाखेत आहे. लग्न झालं, मुलगी मोठ्या शिशूत आहे. तक्रार अशी नाही. रांग, पासबुकं, हयातीचे दाखले, पीककर्जाचं नवं-जुनं, दिवस जातो. एक आजी मात्र शेजारची खिडकी रिकामी असली तरी माझ्याच काउंटरला थांबून राहतात, त्यावरून बाकीचे मला हसतात.

आमच्यातले दोघं मालिकांत दिसतात. एक कॅनडात आहे. सेट करणारा माझा जिगरी पुण्यातच प्रदर्शनांचे स्टॉल उभारतो. त्याच्याशी २०१५ पासून बोलणं नाही, पैशांवरून झालं होतं, रक्कम फार नव्हती. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप आहे. मी जुना फोटो टाकला की दोन-तीन बदाम येतात आणि संपतं.

या डिसेंबरात सगळ्यांचं गेट-टुगेदर ठरलंय. ‘सध्या काय करतोस?’ असं विचारलं तर काय सांगू? परवा बायको म्हणाली, “तुमच्या सगळ्या गोष्टी २०१४ ला संपतात. मी त्यात कुठेच नाही.” मला उत्तर सुचलं नाही. ती तीन वर्षं खरं जगलो आणि बाकी नुसतं ढकलतोय, असं वाटतं. नोकरी सोडून पुण्याला जावं असंही मनात येतं. काय करू?

एक लाइट्सवाला, बार्शी

उत्तर

तुमचं मूळ पत्र पाच पानी. इथे जागेअभावी कापून छापलंय, राग मानू नका. त्यातली साडेतीन पानं कॉलेजची आहेत आणि नोकरी, लग्न, मुलगी, वडिलांचं आजारपण हे सगळं अर्ध्या पानात दाटीवाटीनं उभं केलंय. तुमच्या बायकोनं हे पत्र वाचलेलं नसणार, पण तिचं म्हणणं पत्रात पानं मोजून सिद्ध होतंय.

आधी नोकरीचं बोलून टाकू, कारण तिथे मला फार विचार करावा लागला नाही. सोडू नका.

हे मी ‘सरकारी बँक आहे, कोण सोडतं’ या चालीवर म्हणत नाही. तुमच्याच पत्रात एक गोष्ट आहे, ती तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. पास झाल्यावर वर्षभर तुम्ही पुण्यात एका प्रकाशयोजनाकाराकडे काम केलंत. म्हणजे जे सोडून आल्याची हुरहूर आज वाटते, तेच काम, त्याच शहरात, पैसे घेऊन. त्या अख्ख्या वर्षाचं पत्रात एक वाक्य आहे. किस्सा एकही नाही. दौऱ्यावरचा नाही, कुठल्या नाट्यगृहाचा नाही, ज्यांच्या हाताखाली होतात त्यांचाही नाही. कॉलेजातल्या भुर्जीच्या गाडीला मूळ पत्रात बारा ओळी मिळाल्यात आणि व्यावसायिक रंगभूमीला एक. असं का झालं असेल?

माझा अंदाज सांगते, चुकला तर कळवा. त्या वर्षी तुम्ही टेम्पोत स्टँड भरलेत, तो रिकामा केलात, केबली गुंडाळल्यात, दुसऱ्याच्या क्यू-शीटवर बोट चालवलंत आणि नाईट घेऊन खोलीवर आलात. कामात खोट नव्हती. धंदा असाच असतो. बॅकस्टेजचा माणूस नाइटवर जगतो, प्रयोग झाला तर पैसे, नाही तर नाही. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली, मधले काही महिने निम्म्या खुर्च्यांवर कशीबशी चालली, पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला उघडली. त्या काळात बॅकस्टेजच्या लोकांनी भाजीच्या गाड्या लावल्या, वॉचमनच्या ड्युट्या केल्या. त्याच काळात तुमचा पगार महिन्याच्या महिन्याला खात्यात येत होता आणि आजारी वडील घरात होते. मालिकांत दिसणाऱ्या तुमच्या दोन मित्रांचंही खासगीत विचारून बघा. घोडबंदरच्या सेटवर बारा-बारा तासांची शिफ्ट असते आणि केलेल्या कामाचे पैसे तीन महिन्यांनी हातात पडतात. मालिका अचानक गुंडाळली की पुन्हा ऑडिशनच्या रांगेत. ते रडतायत असं म्हणत नाही, त्यांना ते आवडत असेल. पण तुम्ही रात्री जेवताना टीव्हीवर बघता ते त्यांचं वीस मिनिटांचं काम असतं, दिवस नव्हे.

तेव्हा व्यवसाय म्हणून लाइट्स तुम्ही करून बघितलेत आणि मनानं ते वर्ष फारसं जपून ठेवलेलं नाही. जपली आहे ती तालीम. तुमच्या पत्राचा उलगडा मला तरी यातूनच होतो.

पुरुषोत्तमवाल्यांना हे सांगायची गरज नाही, पण बाकी वाचकांसाठी सांगते. महाराष्ट्रीय कलोपासक ही पुण्याची संस्था १९६३ पासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते. भर पावसात, ऑगस्टमध्ये, सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरात प्राथमिक फेरी होते. पन्नासएक कॉलेजं उतरतात, त्यातली नऊ अंतिमला जातात. लॉट्स निघाले की तुमचा दिवस ठरला. त्या दिवशी सेट अर्धा रंगलेला असो, नायकाचा घसा बसलेला असो, पडदा उघडणार. बाहेर पोरं ‘अरे आवाज कुणाचा’ करून गळे फाडत असतात आणि आत विंगेत कोणीतरी खिळे शोधत असतो. महिना-दीड महिना सोळा-अठरा जण एकाच गोष्टीमागे वेड्यासारखे लागलेले असतात, ती गोष्ट कुठल्या अभ्यासक्रमात नाही, तिचे मार्क नाहीत, तिच्यापायी उलट एटीकेटी लागते. तुमची लागलीच, कॉस्टिंगला, मूळ पत्रात लिहिलंय तुम्ही. आणि त्या सोळा-अठरा जणांत प्रत्येकाचं एक काम असतं जे दुसऱ्या कुणाला येत नसतं.

आता वर्गातलं ते हसणं आठवा. तोंड उघडलं की हसतील म्हणून तोंड मिटून बसलेला मुलगा नाटकात गेला आणि त्यानं नेमकं काय निवडलं? सभागृहाच्या मागच्या अंधारात बसून न बोलता करायचं काम. मला हे वाचून तुमचं फार कौतुक वाटलं. तुम्ही पुण्यात स्वतःची जागा शोधलीत, आणि अशी शोधलीत की तुम्ही न बोलता सगळे तुमच्यावर अवलंबून राहिले. हिरॉइनचं वाक्य अडलं तेव्हा अख्ख्या भरत नाट्यमध्ये काय चाललंय हे फक्त दोघांना कळलं असेल, एक ती आणि दुसरा बार्शीचा तो पोरगा. असा क्षण ज्याला विसाव्या वर्षी मिळतो त्याला बँकेतल्या दुपारी निरस वाटणारच. त्यात तुमचा दोष नाही.

करंडक मिळाला नाही याचं दुःख तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही, हे मला खास वाटलं. २०२२ मध्ये परीक्षकांनी पुण्यात करंडक कुणालाच दिला नव्हता, त्या दर्जाची एकांकिकाच नाही म्हणाले. त्यावर पुष्कळ वाद झाला, बरोबर-चूक तुम्ही ठरवा. पण त्या वर्षी खेळलेली पोरंही आणखी दहा वर्षांनी तालमींबद्दलच बोलत बसणार, निकालाबद्दल नाही.

एक शास्त्राची गोष्ट. आठवणींवर काम करणारे मानसशास्त्रज्ञ सांगतात की चाळिशीपुढच्या माणसांना आयुष्यातलं आठवायला सांगितलं की साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी जास्त गर्दी करतात. ‘रेमिनिसन्स बम्प’ असं त्याला नाव आहे. कारणं बरीच दिली जातात, त्यातलं पटण्यासारखं एक असं की त्या वयात बहुतेक गोष्टी पहिल्यांदा होतात आणि आपण कोण हे त्याच काळात ठरत असतं. तुम्ही आत्ता ३२ चे. म्हणजे हा उंचवटा तुमच्यासाठी अजून पुरता तयारही झालेला नाही, वय वाढेल तसा तो मोठाच दिसणार आहे. म्हणून आठवण येऊ नये यासाठी काही करायला जाऊ नका, ते होणार नाही. फक्त आठवणीवर हिशेबाच्या बाबतीत विश्वास ठेवू नका. ती वसतिगृहाच्या खोलीतले ढेकूण गाळते, घरून मनीऑर्डर उशिरा आलेला महिना गाळते. तो खर्च मुनिमाच्या पगारातून निघत होता. तुमच्या रात्री अकराच्या तालमीमागे मार्केट यार्डात कुणीतरी सकाळी आठला वह्या उघडत होतं. हे तुम्हाला लागावं म्हणून लिहीत नाही. तुम्ही २०१५ ला परत आलात ते नशिबाचा फटका म्हणून लिहिलंय. मला तो तुमचा निर्णय दिसतो. भाऊ, चुलते, कुणावर तरी सोडून पुण्यात राहणारेही असतात. तुम्ही राहिला नाहीत.

आता बायकोचं. तिला द्यायला उत्तर सुचलं नाही म्हणता. सुचायला हवं होतं असं नाही, तिनं प्रश्न विचारलेलाच नव्हता. पण पाच पानांत तिचं कॉलेज कुठलं हे मला सापडलं नाही. ती शिकलेली आहे एवढंच मुलीचा अभ्यास घेते यावरून कळतं. तिचीही तीन वर्षं असतीलच की! धाराशिवला असतील, सोलापूरला असतील, बार्शीतच घरून डबा नेऊन केलेली असतील. तिथेही कुणी तिला हसलं असेल, तिचंही कुठे बक्षीस हुकलं असेल, एखादी मैत्रीण असेल जिच्याशी आता बोलणं नाही. तुमचे किस्से तिला पाठ आहेत, तिचा एक तरी तुम्हाला येतो का? एखाद्या रात्री मुलगी झोपल्यावर विचारा. आणि विचारलंत तर मध्येच ‘अगं आमच्याकडे पण असंच एकदा’ म्हणून टिळक रस्त्यावर वळू नका. नवरे हमखास वळतात.

शिवाय त्या वाक्यातलं दुसरंही ऐका. २०१४ नंतर तुमच्याकडे सांगण्यासारखं काहीच घडलं नाही असं तुम्ही रोज जेवताना तिला कळवताय. त्या ‘काहीच नाही’मध्ये लग्न येतं. मुलीचा जन्म येतो. तिच्या जागी मी असते तर इतक्या सभ्य शब्दांत बोलले नसते.

तर करायचं काय. तुम्हाला तालीम हवी आहे, आणि तालीम काही पुण्याच्या कॉलेजांची मालकी नाही. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य हौशी नाट्य स्पर्धा दर वर्षी होते, साठीच्या पुढे गेलीय ती आता. सोलापूर केंद्राचे प्रयोग हुतात्मा स्मृती मंदिरात होत आलेत. बार्शीपासून सोलापूर सत्तर किलोमीटर. स्पर्धेत संस्था उतरतात, एकटा माणूस नाही, म्हणून पहिलं काम म्हणजे सोलापुरात किंवा बार्शीतच नाटक बसवणारी हौशी संस्था गाठणं. अवघड नाही. गेल्या प्राथमिक फेरीचा निकाल वर्तमानपत्रात आलेला असतो, त्यात संस्थांची नावं असतात. फोन करून एवढंच म्हणा, “लाइट्स करतो, पुरुषोत्तम केलंय.” नट प्रत्येक गल्लीत असतात. लाइट्स करणारा, आणि तोही वेळेवर येणारा, म्हटल्यावर ते तुम्हाला घ्यायला एसटी स्टँडवर येतील.

फसवणूक नको म्हणून आधीच सांगते, तिथे कॉलेजसारखं काही नसेल. दिग्दर्शक पंचेचाळिशीचे शिक्षक असतील, नायक महावितरणात, नायिकेला साडेनऊला घरी पोचायचं असेल. तालमीला पाच जण असले तर सण समजायचा. तालीम संपली की कुणी भुर्जीला थांबणार नाही, ज्याला त्याला सकाळी कामावर जायचंय. दोन अंकी नाटक असल्यानं तुमची क्यू-शीट मात्र दुप्पट लांब होईल. प्राथमिक फेरी साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात येते, आणि नोव्हेंबरात तुमच्याकडे पेन्शनरांची हयातीच्या दाखल्याला झुंबड असते, हे तुमच्याइतकं कुणाला कळणार? तेव्हा रजेचं आत्ताच बोलून ठेवा, किरकोळ रजा डिसेंबरपर्यंत राखून ठेवा आणि मॅनेजरला प्रयोगाचं बोलावणं द्या. बँकेतली माणसं नाटकाला आवडीनं येतात, फक्त कुणी बोलवत नाही.

हे एवढं मोठं वाटत असेल तर मुलीच्या शाळेचं स्नेहसंमेलन आहे. तालुक्याच्या गावातलं कुठलंही संमेलन बघा, दोन्ही बाजूंना दोन हॅलोजन, मध्ये डीजेवाल्याचा तो गरगर फिरणारा हिरवा-जांभळा दिवा. पोरांचे चेहरे पांढरे फटक आणि मागचा कापडी किल्ला झळाळून उठलेला. तुम्ही चार पार दिवे, दोन डिमर आणि त्यांवर लावायला थोडं पिवळसर, अंबर जिलेटिन घेऊन गेलात तर शाळेला फार खर्च नाही आणि बायकोला पहिल्यांदा कळेल की तुम्ही इतकी वर्षं सांगता ते नेमकं काय होतं. तिला दिव्यांच्या बोर्डापाशी बसवा. एक फेड तिच्या हातून होऊ द्या. तुमची गोष्ट मग २०१४ ला संपणार नाही, आणि ती त्यात असेल.

आता त्या आजी. तुम्ही त्यांना ‘बाकीचे मला हसतात’ या वाक्याला जोडून उरकलंत. मूळ पत्रात तुम्ही आणखी दोन ओळी लिहिल्या होत्या, त्या इथे देते, कारण त्या तुमच्या पत्रातल्या सगळ्यात चांगल्या ओळी आहेत. आजींचा अंगठा मशीनवर उमटत नाही, आयुष्यभर खुरपणी केलेला हात, रेषा झिजून गेल्यात. दुसऱ्या खिडकीवर त्यांना ‘आधार अपडेट करून या’ म्हणून परत पाठवतात. तुम्ही मशीनची काच रुमालानं पुसता, त्यांना पदराला बोट घासायला सांगता, अंगठा नाही तर मधलं बोट, मग दुसऱ्या हाताचं, आणि मागची रांग कुरकुरत असली तरी त्यांना ‘घाई नाही, पुन्हा ठेवा’ म्हणता.

मी यावर काउंटर म्हणजेही रंगमंचच असलं काही लिहिणार नाही. काउंटर काउंटरच असतो, तिथे टाळ्या नाहीत आणि सहा तास मान अवघडते. पण माणूस अडला की त्याच्या तोंडाकडे बघत थांबायचं, ही सवय तुमच्यात त्या फायनलला आली नव्हती. ती आधीपासून होती, म्हणून त्या रात्री उपयोगी पडली. ती अजून आहे. आजींना ती ओळखू आली, म्हणून त्या रिकाम्या खिडकीकडे जात नाहीत. ‘बाकी नुसतं ढकलतोय’ हे वाक्य तेवढं मागे घ्या. ढकलणारा माणूस त्यांना ‘अपडेट करून या’ म्हणाला असता.

पुण्याला बदली हवी असेल तर तो वेगळा विषय आहे. विनंती बदलीचा अर्ज करता येतो, वडिलांच्या उपचारांचं कारणही आहे. पण मग बायकोशी बोलून, घर म्हणून विचार करा. विसाव्या वर्षी राहत होतात ते पुणे भाड्यानंसुद्धा मिळत नाही आता.

गेट-टुगेदरला जा. मात्र त्याआधी एक फोन करायचा. सेटवाल्याला. रक्कम तुम्ही लिहिली नाहीत, कोण कुणाचं देणं लागतो तेही नाही. तुम्ही लागत असाल तर आधी पैसे पाठवा, मग फोन करा. तो लागत असेल तर रकमेचा विषय काढू नका, तोच काढेल. नाही काढला तर दहा वर्षांनी त्या रकमेचं काय येतं? ग्रुपवर फोटो टाकून सोळा जणांकडून दोन बदाम मिळवण्यापेक्षा ज्याच्याबरोबर रात्री दोनला सेटचे फ्लॅट ठोकलेत त्याच्याशी दहा मिनिटं बोला. तो स्टॉल उभारतो म्हणता, म्हणजे त्यालाही कधीतरी दिवे लागतच असतील. ते मात्र पहिल्याच फोनवर बोलू नका, कामासाठी फोन केला असं होईल.

‘सध्या काय करतोस?’ला उत्तर, “बँकेत आहे, बार्शीत.” त्यापुढे ‘नाही म्हणजे ते वडिलांचं झालं ना, म्हणून मग’ असं शेपूट नको. लगेच समोरच्याला त्याचं विचारा. अकरा वर्षांनी भेटलेल्या माणसांना स्वतःबद्दल सांगायची घाई झालेली असते, तुमची परीक्षा घ्यायला वेळ कुणाला आहे? कॅनडावाला हिवाळ्याबद्दल आणि बेसमेंट भाड्यानं दिल्याबद्दल बोलेल. मालिकावाल्यांभोवती तासभर घोळका राहील, मग तोही पांगेल. आणि ‘काय करायलास’ म्हणावंसं वाटलं तर खुशाल म्हणा.

त्या निळ्या फेडची गोष्ट तिथे सांगावी का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात आहे हे दिसतंय. हिरॉइन येणार असेल तर तिला बाजूला घेऊन सांगा, सगळ्यांसमोर नको, ती विसरली होती हे चारचौघांत कशाला. फक्त एक तयारी ठेवा. ती म्हणेल, “विसरले कुठे? मी मुद्दाम थांबले होते.” तसं म्हणालीच तर वाद घालू नका. पुढच्या वेळी घरी ही गोष्ट सांगाल तेव्हा दोन्ही बाजू सांगा, बायको जास्त लक्ष देऊन ऐकेल.

ता. क. गेट-टुगेदरची वर्गणी मागितली असेल तर आजच भरून टाका. पैसे भरले की ‘बघतो, जमलं तर’ म्हणायची सोय राहत नाही. आणि जोडीनं यायचं आहे की एकट्यानं, हे ग्रुपवर विचारून घ्या, तुमच्या बायकोला ही मंडळी एकदा बघू दे.